ऊन पाण्याचे खाते कोणते?

हिमाचल प्रदेशात नोकरीस असताना एका जानेवारीत वरच्या खोऱ्यातील एका सफरचंदाच्या बागेत मुक्काम करण्याचा प्रसंग आला. विजेचे खांब खालच्या गावापर्यंतच पोहोचले होते. बागेतील घर तेथून तासाभराच्या चढणीवर. घरात वृद्ध सासू, सून आणि दोन मुले. सौर दिव्यांचा एक संच होता, त्यावर दिवे लागत आणि मोबाईलही चार्ज होई. शासनाच्या लेखी त्या घराचा प्रश्न सुटलेला होता.

पहाटे मला जाग आली ती लाकूड फोडण्याच्या आवाजाने. सून अंगणात पाणी तापवीत होती. ते साधन पाहून मी चकित झालो. पत्र्याचे उभे नळकांडे, मधोमध धुराड्याची नळी, खाली जाळी, नळीत पेटलेल्या ढलप्या आणि भोवती पाणी. वरच्या नरसाळ्यात एक तांब्या थंड पाणी ओतावे, की तोटीतून तितकेच ऊन पाणी बाहेर येते. तेथे त्याला हमाम म्हणतात. मी म्हटले, "माताजी, हा तर आमच्याकडचा बंब!" फरक एवढाच, की आमचा तांब्याचा आणि त्यांचा पत्र्याचा. आपल्या वाड्यांतील बंब गीझर आल्यावर माळ्यावर गेले आणि पुढे मोडीत निघाले. ज्या घरी गीझर येणे शक्यच नाही, तेथे तीच कल्पना आजही संसार चालवते आहे.

येथे थोडे गणित मांडतो, कारण आमच्या बैठकांत ते कोणी मांडत नाही. वीस लिटरची एक बादली 10 अंशांवरून 45 अंशांवर नेण्यास 700 किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे विजेचे सुमारे 0.8 युनिट. 2017 साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांना 200 ते 300 वॅटचा सौर संच देण्याची तरतूद होती: पाच दिवे, एक पंखा आणि एक प्लग. (हिमालयातील घरालाही पंखाच, असो.) 200 वॅटच्या पॅनेलला चार तास चांगले ऊन मिळाले, तर त्या दिवसाची सारी वीज एका बादलीत संपते. दिवे मग कशावर लावायचे? पॅनेल उन्हातील ऊर्जेच्या पंधरा-वीस टक्क्यांचीच वीज करते. तेच ऊन थेट पाण्यात घेतले तर साध्या काळ्या पत्र्याच्या संग्राहकातूनही चाळीस-पन्नास टक्के हाती लागते. आधी उन्हाची वीज आणि मग विजेची पुन्हा उष्णता, हा द्राविडी प्राणायाम गरीब घराला परवडणारा नाही.

लाकडाचेही तसेच. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर दहातील नऊ भाग उष्णता वाऱ्यावर जाते; एका बादलीला दोन किलो लाकूड सहज लागते. त्या घरी आम्ही ताणकाट्यावर मोजले: हमामात तीन बादल्यांना मिळून दोन किलो. लाकूड म्हणजे बागेच्या छाटणीच्या काटक्या, शिवाय चिलाराच्या वाळक्या बोंडांची भर. तिप्पट बचत, आणि त्यामागे कोणतेही गूढ तंत्र नाही. आग पाण्याच्या मधोमध ठेवली, इतकेच. ज्या बाईच्या पाठीवरून ते लाकूड येते तिच्या दृष्टीने हा आकडा राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्याहून महत्त्वाचा आहे. त्या घरची सासू मला म्हणाली, हमाम येण्यापूर्वी थंडीत ती आठ-आठ दिवस अंघोळ करीत नसे, कारण आपल्यासाठी सुनेने आणखी एक भारा आणावा हे तिला बरे वाटत नसे.

आता माझी चूक सांगतो. त्याच खोऱ्यातील एका वसतिगृहासाठी काही वर्षे आधी सौर उष्णजल संयंत्रे घेण्यात आली होती. मंजुरीवर सही माझी. मैदानी प्रदेशाच्या विनिर्देशांवरच निविदा निघाली: सपाट संग्राहक, तांब्याच्या नळ्या, त्यांतून थेट वाहणारे पाणी. पहिल्याच हिवाळ्यात रात्री नळ्यांतील पाणी गोठले आणि नळ्या फुटल्या. उपयोगिता प्रमाणपत्र त्याआधीच गेले होते. संध्याकाळी पाणी काढून टाकण्याची झडप, किंवा गोठणविरोधी द्रव फिरवणारे वेगळे मंडल, एवढे त्या विनिर्देशांत हवे होते. तेथील कोणत्याही गृहिणीला विचारले असते तर तिने सांगितले असते, की रात्री घागर रिकामी करून ठेवावी लागते. आम्ही विचारले नाही.

मला पडणारा प्रश्न हा, की ऊन पाणी नेमके कोणत्या खात्याचे? ऊर्जा खात्याला ऊर्जा म्हणजे वीज. वन खात्याला लाकूड दिसते ते तोडीच्या गुन्ह्यात. पुरवठा खाते सिलिंडर मोजते. नवजात बालकाला कोमट पाणी हवे हे आरोग्य खाते सांगते, पण ते कशाने तापवावे हे सांगत नाही. धूरविरहित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 2002 साली बंद झाला. 2010 च्या राष्ट्रीय सौर अभियानात 2022 पर्यंत दोन कोटी चौरस मीटर उष्णता-संग्राहकांचे लक्ष्य होते, परंतु चर्चा झाली ती मेगावॉटचीच. उष्णतेला मेगावॉटचा मान नाही आणि उद्घाटनाची फीतही नाही.

माझे मत स्पष्ट आहे. विजेविना असलेल्या घराला दिव्यांच्या संचाबरोबर पाणी तापवण्याचे साधनही मिळाले पाहिजे, आणि त्याचा क्रम आधी ऊन, मग काटकी असा हवा. ऊन असेल तेथे काचेच्या झाकणाच्या पेटीत काळी रंगवलेली टाकी, किंवा छपरावर काळ्या नळीचे वेटोळे. शंभर मीटर अर्ध्या इंची नळीत बारा-तेरा लिटर पाणी मावते. दुपारचे हे कोमट पाणी हमामात ओतले की लाकूड निम्म्याने वाचते. विनिर्देश एकाच वाक्याचा असावा: एक किलो वाळक्या लाकडात किती बादल्या? आणि हमाम उघड्यावर किंवा धुराड्यासह छपराबाहेर धूर सोडणारा असावा. बंद न्हाणीघरात निखारे नेल्याने माणसे झोपल्या जागी दगावतात. हिवाळ्यात अशा बातम्या डोंगरात दरसाल येतात.

वसतिगृहासाठी शेवटी मी स्थानिक लोहाराकडून हमाम करून घेतले. नियमाप्रमाणे तीन दरपत्रके हवी होती आणि खोऱ्यात लोहार एकच. म्हणून विनादरपत्रक खरेदीच्या मर्यादेत बसतील असे दोन-दोन करून तीन महिन्यांत सहा घेतले. लेखापरीक्षकांनी खरेदीचे तुकडे पाडल्याचा आक्षेप घेतला, आणि नियमाने तो बरोबरच होता. उत्तरात मी लिहिले, की दुसरा लोहार पास ओलांडून दोन दिवसांच्या अंतरावर आहे आणि पास मे महिन्यात उघडतो. त्यावर शेरा आला: "मे महिन्यापर्यंत थांबणे शक्य का नव्हते, याचा खुलासा करावा."