लेआउटमधली मोकळी जागा बागेला द्या

शेत अकृषक झाले, लेआउट पडले, प्लॉट विकले गेले. नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेली मोकळी जागा मात्र गाजरगवत, प्लास्टिक आणि डुकरांच्या ताब्यात. नेरसारख्या तालुक्याच्या गावांत हे चित्र नवे नाही. राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टरपेक्षा मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. म्हणजे जागा आहे, राखणारे हात नाहीत.

अशा टाकाऊ जागेचीही बाग होऊ शकते. धारावीलगत मिठी नदीकाठी मुंबईचा कचरा जिथे वर्षानुवर्षे पडत होता, त्या ३७ एकरांवर माती टाकून झाडे लावली गेली. १९९४ मध्ये तेथे महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. तिथे कचऱ्याचा ढीग होता. आपल्याकडे तर काळी कसदार माती आहे.

खरी कसोटी पाण्याची. आषाढात फोटो काढून लावलेली रोपे एप्रिल-मेच्या उन्हात वाळतात, कारण ती कोणाचीच नसतात. तेव्हा कडुनिंब, करंज, शेवगा, आवळा, कढीपत्ता अशी काटक झाडे निवडावीत, कडेला अंबाडी-पालकाचे वाफे करावेत आणि ओल्या कचऱ्याचे खत तिथेच मुरवावे. भाजी मिळू लागली की शेजारी राखण आपणहून करतात.

जागा नगर परिषदेची असेल तिथे मालकी तिचीच राहू द्या, पण कुंपण आणि बोअरची सोय करून देखभाल लेखी कराराने रहिवाशांच्या समितीकडे सोपवा. सुरुवात एका लेआउटपासून, येत्या पावसाळ्याआधी करा.