उठाबशांची अप्रतिष्ठा

मराठीत ‘उठाबशा’ म्हटले की प्रथम आठवते ती शिक्षा. कान पकडून, साऱ्या वर्गाच्या दबलेल्या हसण्यात काढलेल्या वीस उठाबशा आम्हां दोघांच्याही शालेय आठवणींत आहेत. अपमान म्हणून शिकवली गेलेली ती क्रिया चाळिशी ओलांडल्यावर आपल्याला जमेनाशी झाली आहे, हे ध्यानात यायला मात्र निमित्त घडावे लागले.

एका घरगुती काव्यवाचनाला भारतीय बैठक होती. दोन तासांनी उठताना आमच्यापैकी एकाने भिंतीचा आधार घेतला, दुसऱ्याने पहिल्याचा. मंडळी हसली, आम्हीही हसलो. त्याच पावसाळ्यात आमच्यापैकी एकाची आई न्हाणीघरात कपडे चुबकायला खाली बसली, ती तिला उठताच येईना. ती पडली नव्हती, हाड मोडले नव्हते. मांड्यांत उठण्यापुरते बळ उरले नव्हते, इतकेच. मुलगा कॉलेजातून परतेपर्यंत तीन तास ती ओल्या फरशीवर बसून होती. त्यानंतर त्या काव्यवाचनाच्या आठवणीचे हसू आलेले नाही.

आमच्या वर्गात या विषयावर एक ठराविक उत्तर मिळते: ‘आम्ही रोज फिरायला जातो ना!’ चालणे उत्तमच. हृदयाला त्याची गरज आहे. पण सपाट रस्त्यावरचे चालणे मांड्यांना, खांद्यांना, पाठीला त्यांच्या सवयीपलीकडचे काहीच मागत नाही, आणि जे मागितले जात नाही ते शरीर वयाबरोबर मुकाट्याने काढून घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवला तो म्हणूनच. पासष्टीनंतर तर तोल आणि बळ या दोहोंचा सराव तीन दिवस हवा, असे ती म्हणते. आता या वयात काय उपयोग, हा प्रश्नही निकालात निघालेला आहे. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धाश्रमवासीयांना आठ आठवडे पायांचा व्यायाम दिला गेला. जे टिकले त्यांच्या पायांचे बळ सरासरी दुपटीहून अधिक झाले. त्यांनी वजने वापरली होती हे खरे. पण ज्याला स्वतःचा देहच जड झाला आहे त्याला निराळे वजन हवे कशाला?

खेद वाटतो तो याचा की हे आम्हांला परक्या अभ्यासांतून कळावे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सँडोची पद्धत दहा वर्षे आचरली आणि चाळिशीच्या सुमारास ती सोडून सूर्यनमस्कार धरले. पुढे संस्थानातल्या शाळांतही ते रुजवले. बडोद्याहून मुजुमदारांनी ‘व्यायामज्ञानकोश’ दहा खंडांत काढला. जोर, बैठका, सपाट्या असा शब्दसंग्रह असलेल्या भाषेने पुढे पहिलवानाला विनोदी पात्र करून टाकले, आणि आम्ही साहित्याचे अध्यापक त्या विनोदात सामील झालो. बुद्धीने जगणाऱ्याला देहाची काय मातब्बरी, ही आमची अढी. (जात्यावर दळणाऱ्या, चुलीपुढे उकिडव्या बसणाऱ्या बायकांची आठवण इथे कुणी काढील. तो व्यायाम नव्हता, ते कष्ट होते. ओटा उंच झाला हे बरेच झाले. त्याबरोबर गेलेले उठणे-बसणे परत आणण्याचे काम तेवढे राहिले.)

आमची सुरुवात हास्यास्पद होती. जोर भिंतीला हात टेकून काढले, महिन्याने टेबलाच्या कडेवर, मग जमिनीवर. तेही अजून सहाच. एक दिवस आड. पहिल्या काही आठवड्यांत दंड मुळीच दिसत नाहीत, तरी जोर वाढतो, कारण आधी मज्जातंतू शिकतात, स्नायू मागाहून भरतात. गुडघ्यात कळ आली तर थांबायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे. यात मर्दुमकी नाही.

आईंसाठी पाठ भिंतीला टेकवलेली खुर्ची आहे. हात न टेकता उठायचे, सावकाश बसायचे. पहिल्या दिवशी तीनदा जमले. ‘ही शिक्षा कशाबद्दल रे?’ असे त्यांनी विचारले, पण दुसऱ्या दिवशी खुर्ची त्यांनीच ओढून घेतली. हल्ली दहा होतात, मोठ्याने मोजून. खाली बसून उठणे अजून जमत नाही. न्हाणीघरात आधाराची दांडी बसवून घेतली आहे, आणि ती राहणार आहे.