नोंद कोणी ठेवावयाची?

१९८० च्या अखेरीस अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात 'टीन आयडल्स' नावाच्या वाद्यवृंदाची पहिली तबकडी निघाली. वाजविणारी मुले विशीच्या आतली होती आणि वाद्यवृंद तोवर मोडलाही होता. परंतु कार्यक्रमांतून साठलेले सुमारे ६०० डॉलर वाटून न घेता त्यांनी आठ गाण्यांच्या १,००० प्रती काढल्या. त्यांची वेष्टनेही स्वतःच कापून, दुमडून चिकटविली. त्यासाठी काढलेली 'डिस्कॉर्ड' ही संस्था आजही चालू आहे. मिनिटाभराची, भरधाव आणि आरडाओरड्याची ही गाणी हार्डकोअर पंक म्हणून ओळखली जातात. त्यांचे लोण पुढे मुंबईपर्यंत आले व 'डेथ बाय फंगाय'सारखा वाद्यवृंद तेथे उभा राहिला.

या गोष्टीचा निघोजे गावाशी काय संबंध, असे कोणी विचारील. इंद्रायणीकाठच्या या गावाच्या परिसरात २००९-१० च्या सुमारास मोटारींचे मोठे कारखाने सुरू झाले. दूरदूरच्या जिल्ह्यांतील मुले कंत्राटी कामावर येऊ लागली. पाळी संपली की भाड्याची खोली, आणि करार संपला की दुसरे गाव! या मुलांच्या हातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीवर क्रमांक असतो. त्यांनी खोलीत रचलेल्या गाण्याची मात्र कोठेही नोंद नसते.

असला गोंगाट परका आहे, हा आक्षेप ठरलेलाच. परंतु पेटीही युरोपातूनच आली आणि कीर्तनात रुळली. शिवाय उत्सवांत ध्वनिक्षेपकांच्या भिंती निमूटपणे सोसणाऱ्या समाजाने गोंगाटाचे कारण पुढे करावे, हे शोभत नाही. तो गोंगाट भाड्याने आणलेला असतो. तरुणांचा आवाज निदान त्यांचा स्वतःचा असतो.

खरे गाणे लोकांच्या मुखी आपोआप टिकते, असेही म्हटले जाईल. तुकोबांच्या गाथेचा दाखला दिला जाईल. परंतु तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे याच चाकणचे, असे परंपरा सांगते. आणि ते अभंग गात राहण्यास वारकऱ्यांच्या दिंड्या होत्या. वर्षा-सहा महिन्यांनी गाव बदलणाऱ्या कामगाराभोवती अशी दिंडी कोठून असणार? त्याला नोंदीची गरज अधिकच आहे.

ती नोंद व्हिनाइलच्या तबकडीवरच व्हावी, असा आग्रह नाही. तबकडी महाग आहे, हे खरेच. परंतु साठोत्तरी काळात मराठी तरुणांनी सायक्लोस्टाइल यंत्रावर लघुनियतकालिके काढली, तेव्हा प्रस्थापित मासिकांच्या संमतीची वाट पाहिली नाही. कागद हलका होता, प्रती थोड्या होत्या. तरीही मराठी साहित्याला त्यांची दखल घ्यावी लागली. साधन कोणतेही असो, त्यावरचा ताबा गाणाऱ्याचा असावा, हेच महत्त्वाचे.

गावच्या वाचनालयाने एक खोली, मंडळाने उत्सवातील एक संध्याकाळ आणि शाळेने सुटीच्या दिवशी एक वर्ग या मुलांना द्यावा. गाणी कडू असतील, कदाचित बेसूरही असतील. परंतु ज्यांच्या श्रमावर या पट्ट्याची भरभराट झाली, त्यांचे म्हणणे त्यांच्याच आवाजात मागे राहावे, एवढे तरी या पट्ट्याने पाहावयास हवे.