जुनी की नवी?

एप्रिल २०२५. एचआरचा मेल : 'टॅक्सची पद्धत कळवा, जुनी की नवी. आज शेवटचा दिवस.' कॅण्टीनमध्ये एकच प्रश्न, "तू काय टाकलंस?" अरे, टॅक्स म्हणजे काही डबा नव्हे, दुसऱ्याचा चालायला!

मी सरळ कागद घेतला. वर्ष २०२५-२६, पगार १५ लाख. नव्या पद्धतीत स्टॅण्डर्ड डिडक्शनचे ७५ हजार वजा, सेससकट टॅक्स ९७,५००. जुन्यात स्टॅण्डर्ड ५० हजार, पीपीएफ-विमा दीड लाख, मेडिक्लेम २५ हजार, घरभाड्याची सूट २ लाख ४० हजार. एवढं वजा करूनही १,२७,९२०! नवी ३०,४२० रुपयांनी स्वस्त. (गृहकर्जाचं व्याज किंवा भाडं दणदणीत असेल, तर पारडं फिरूही शकतं. तुमचं गणित तुम्हीच मांडा.)

खुशीत बाबांना फोन लावला. "आता पीपीएफ बंद!"

"का रे? ते काय सरकारसाठी भरत होतास?"

गप्पच झालो. सहा वर्षांत टॅक्सच्या धाकाशिवाय एक रुपया बाजूला टाकला नव्हता मी.

'नवी'वर टिक केलं. पीपीएफ मात्र चालूच. वर वाचलेले दरमहा २,५३५ रुपयेही तिकडेच. या वेळी स्वतःसाठी!