'कष्टाळू व श्रद्धाळू' : काष्टीच्या एका गँगमनच्या निमित्ताने

चर्चच्या स्मरणिकांतून आणि पुण्यस्मरणाच्या पत्रकांतून दिवंगत वडीलधाऱ्यांविषयी जे लिहिले जाते, त्यात एक शब्दजोडी हमखास भेटते : 'कष्टाळू व श्रद्धाळू'. नगर जिल्ह्यातील कॅथलिक घरांत तर ती फोटोवरच्या हाराइतकीच अटळ आहे. भाषेचा अध्यापक म्हणून मला त्यातील दोन विशेषणांपेक्षा मधल्या 'व'ची अडचण वाटते. कष्ट एकीकडे आणि श्रद्धा दुसरीकडे, अशी वाटणी तो 'व' गृहीत धरतो. माझ्या आजोबांच्या आयुष्यात ही वाटणी करता येत नाही. आणि ती करता येत नाही म्हणूनच आपल्या वाङ्मयेतिहासाच्या ठरीव खणांत त्यांच्यासारखा माणूस बसत नाही, असे माझे मत आहे.

आजोबा काष्टीचे. श्रीगोंदा तालुक्यातले हे गाव बाहेरच्यांना जनावरांच्या बाजारामुळे माहीत असते. आमच्या घराचा इतिहास मात्र रुळांना बांधलेला. दौंड-मनमाड मार्ग १८७६-७८च्या दुष्काळाच्या काळात बांधला गेला आणि १८७८ साली सुरू झाला. त्याच मार्गावर आजोबा १९४६ साली, जी.आय.पी. रेल्वेच्या अमदानीत, गँगमन म्हणून लागले. १९५१ साली त्या रेल्वेची मध्य रेल्वे झाली. आजोबांच्या हातातली पहार तीच राहिली. स्लीपरखाली खडी ठासणे, सरकलेला रूळ ओळीत आणणे, पुढे चावीवाला झाल्यावर रोज पहाटे ठरलेला टप्पा चालून सैल झालेल्या चाव्या हातोड्याने पुन्हा बसवणे आणि पावसाळ्यात हातबत्ती घेऊन रात्रीची गस्त, हे त्यांचे १९८३ पर्यंतचे आयुष्य. चावीवाल्याचे काम कोणाच्या नजरेत भरत नाही. गाडी नीट गेली म्हणजे ते झाले.

संध्याकाळी जपमाळ. पन्नास 'नमो मरिया', त्यांच्यामधले 'आमच्या बापा', मग गावातल्या आजाऱ्यांची नावे, शेवटी मेलेल्यांची. या जपमाळेलाही ते 'ड्युटी'च म्हणत. "ड्युटी राह्यली" असे ते रात्री अंथरुणावरून उठून म्हणाले, तर रेल्वेची राहिली की मरियेची, हे आजीलाही पटकन कळत नसे. घरात याची थट्टा होई. मला मात्र तो शब्द आता फार अर्थपूर्ण वाटतो. फळाची चर्चा न करता, कोणी पाहत नसताना, ठरलेल्या वेळी करायची गोष्ट म्हणजे ड्युटी. सावता माळ्याच्या मळ्यात आपण कर्म आणि भक्ती यांचे अद्वैत पाहतो, वर्गात ते रंगवून सांगतो, आणि ते योग्यच आहे. तेच अद्वैत खाकी अर्धी चड्डी घालून, गळ्यात क्रूस बांधून रुळावरून चालू लागले की आपल्याला ओळखू येत नाही.

त्यांच्या भाषेचीही गोष्ट सांगायला हवी. आजोबा शाळेत गेले नव्हते. पगाराला अंगठा देत. बोलणे अस्सल श्रीगोंद्याकडचे. परंतु प्रार्थनेत हाच माणूस 'कृपा', 'पापक्षमा', 'मध्यस्थी', 'सार्वकालिक जीवन' असे शब्द स्पष्ट उच्चारांसह, अर्थ समजून वापरी. हे शब्द त्यांना मिशनच्या मास्तरांकडून तोंडी मिळाले होते. दौंडच्या चर्चमधला मिस्सा मात्र त्यांच्या उमेदीच्या काळात लॅटिनमध्ये होता. भीमा ओलांडून जायचे, न कळणाऱ्या भाषेपुढे गुडघे टेकायचे आणि कळणाऱ्या भाषेत मनातल्या मनात जपमाळ ओढायची, असा तो प्रकार. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली आणि पुढील काही वर्षांत वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. आजोबांना त्याचा आनंद झाला, पण अपेक्षेइतका नाही. "आता फादर आमच्यासारखं बोलत्यात," एवढेच ते म्हणत. प्रमाणभाषेची मालकी शिक्षितांकडे असते, या आपल्या सिद्धान्ताला हा अंगठेबहाद्दर माणूस छेद देतो. संध्याकाळी अर्धा तास ती भाषा त्यांची होती.

आता थोडे अप्रिय. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती माणसाला आयुष्यात केव्हातरी एक वाक्य ऐकावे लागते : दुधाच्या पावडरीसाठी झालात. दुष्काळात मिशनांनी अन्न वाटले, कामे काढली, शाळा काढल्या, हे खरेच आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. भुकेल्या माणसाने भाकरी देणाऱ्याचे ऐकून घेतले, यात लाज कसली? पण हिशेबच मांडायचा तर पुरा मांडावा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलितांना मिळाला नाही. म्हणजे आजोबांच्या नोकरीची बहुतेक सर्व वर्षे त्यांच्या श्रद्धेने त्यांना काही दिले नाही, उलट घेतले. कागदावर जुना धर्म लिहावा आणि घरात नवा पाळावा, हा व्यवहारी मार्ग तेव्हा अनेकांनी पत्करला. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. मुलांच्या पोटाचा प्रश्न होता. आजोबांनी तो मार्ग घेतला नाही. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'ख्रिश्चन' हा शब्द आहे. त्या एका शब्दापायी वडिलांच्या हातून दोन संधी गेल्या आणि बापलेकांत वर्षभर अबोला होता. श्रद्धाळू या विशेषणात हा अबोला कुठे मावतो?

मराठी वाङ्मयात या माणसाला शोधू जावे तर काय दिसते? 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' या प्रकरणाची सुरुवात फादर स्टीफन्स यांच्या १६१६च्या क्रिस्तपुराणाने होते, ती गोव्यात. मग बाबा पदमनजींचे १८५७चे 'यमुनापर्यटन'. मग नगरला स्थायिक झालेले रेव्हरंड टिळक, त्यांचा १८९५चा बाप्तिस्मा, आणि लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे', ज्याच्या तोडीचे आत्मचरित्र मराठीत विरळाच. या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे. पण पदमनजी आणि टिळक यांच्या कथेचा कणा धर्मांतर हा आहे : सुशिक्षित मनातील वादळ, कुटुंबाची ताटातूट, नवा प्रकाश. आजोबांच्या आयुष्यात असे वादळ नव्हते. ते ख्रिस्ती घरातच जन्मले. त्यांना श्रद्धा 'सापडली' नाही. घरातल्या जात्यासारखी ती आधीपासून होती. १९७८च्या 'बलुतं'पासून दलित आत्मकथनांनी नगर जिल्ह्यातील गावकुसाबाहेरचे जग मराठीत आणले, पण तेथेही धर्म मुख्यतः नाकारण्याची किंवा नव्याने स्वीकारण्याची गोष्ट म्हणून येतो. सवयीने, रोज, कंटाळासुद्धा सहन करीत पाळायचा धर्म हा विषय या दोन्ही परंपरांच्या मध्ये राहून गेला.

वसईकडे चित्र काहीसे वेगळे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले, तेव्हा त्यांच्या धर्मगुरूपणावरून आक्षेप घेतले गेले. तरीही वसईचा कॅथलिक समाज मराठी वाचकाला त्या निमित्ताने का होईना, दिसला. नगरचा कॅथलिक वर्षातून एकदा, सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेची बातमी येते तेव्हा दिसतो, आणि तोही गर्दी म्हणून.

एम.ए.च्या वर्गाला आम्ही बोलीच्या अभ्यासासाठी प्रकल्प देतो. विद्यार्थी जनावरांच्या बाजारात जातात, उपरण्याखाली बोटे दाबून होणारे सौदे पाहतात, बैलांच्या रंगांची आणि शिंगांच्या ठेवणीची नावे टिपून आणतात. उत्तम काम असते ते. मात्र त्याच परिसरातील ख्रिस्ती घरांत संध्याकाळी बोलली जाणारी मराठी आजवर आमच्याकडे एकाही विद्यार्थ्याने टिपून आणलेली नाही, कारण तसा विषय यादीत नाही. मास्तरांकडून तोंडी शिकलेल्यांपैकी जे उरले आहेत, ते ऐंशीच्या पुढचे आहेत. यंदाच्या यादीत तो विषय घालण्याचा प्रस्ताव मी विभागाच्या बैठकीपुढे ठेवला आहे.