कायदा झाला, नियम राहिले

रात्री दीड वाजता अपघातात सापडलेला मुलगा स्ट्रेचरवर आहे आणि त्याचा बाप कॅश काउंटरपाशी खिशातल्या नोटा पुन्हा पुन्हा मोजतो आहे. डिपॉझिट भरल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. हे चित्र कायद्याने पुसण्याचे धाडस देशात पहिल्यांदा राजस्थानने केले. 21 मार्च 2023 रोजी तिथल्या विधानसभेने आरोग्य हक्काचा कायदा मंजूर केला. तातडीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न मागता उपचार सुरू करायचे, रुग्णाला बिल झेपले नाही तर ते सरकारने भरायचे. हेतू चांगलाच होता. तरी हक्क कागदावर राहिला, आणि त्याचा दोष राजकीय आखणीकडे जातो.

काँग्रेसचे हे आश्वासन 2018 च्या निवडणुकीतले. अशोक गेहलोत त्याच डिसेंबरात मुख्यमंत्री झाले. विधेयक सभागृहात आले सप्टेंबर 2022 मध्ये. करोनाने मधला काळ खाल्ला, हे मान्य. पण ज्या कायद्याला संघटित विरोध होणारच, तो निवडणुकीच्या तोंडावर आणला की विरोधकांना फक्त दिवस ढकलायचे उरतात. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, जयपुरात पोलिसांनी त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले, सुमारे दोन आठवडे खासगी रुग्णसेवा कोलमडली. डॉक्टर विचारत होते : पैसे कोण, किती आणि कधी देणार? सरकारी योजनांची थकलेली बिले ज्याने पाहिली आहेत, तो या भीतीला खोटी म्हणणार नाही. कायद्याने मात्र हा तपशील नियमांवर सोडला होता. अखेर 4 एप्रिलला तडजोड झाली. 50 पेक्षा कमी खाटांची, तसेच सरकारकडून सवलतीची जमीन वगैरे न घेतलेली खासगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर गेली. डिसेंबरात सत्ताही गेली. तोवर नियम झालेले नव्हते.

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आणणारे आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांच्यासमोरचा विरोध याहून लहान नव्हता. फेब्रुवारी 1948 मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने मतदान घेतले, तेव्हा प्रचंड बहुमत या सेवेच्या विरोधात गेले. बेव्हन यांनी सेवा सुरू करण्याची 5 जुलै ही तारीख हलू दिली नाही. सवलती त्यांनीही दिल्या : तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिसची मुभा ठेवली, सगळ्यांना पगारी नोकर करणार नाही अशी हमी दिली. पण त्या सवलतींच्या बदल्यात डॉक्टर सेवेत आले. जयपुरात सवलतीच्या बदल्यात रुग्णालये सुटली. तडजोड दोघांनीही केली. एकाने रुग्णाचा हक्क राखून केली, दुसऱ्याने तो हक्कच किमतीत दिला.

महाराष्ट्राने हे नीट पाहावे. आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवण्याचे बंधन उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशाने ठरलेल्या योजनेत आहे. तरी एप्रिल 2025 मध्ये एका धर्मादाय रुग्णालयाने उपचारांआधी मागितलेल्या अनामत रकमेवरूनच पुण्यात लोकांचा संताप उसळला. आज सत्ताधाऱ्यांकडे भक्कम बहुमत आहे. मुख्यमंत्र्यांनी आरोग्य हक्काचे विधेयक निवडणूक दूर असतानाच आणावे, डॉक्टरांच्या संघटनांना मसुद्याच्या टप्प्यावर टेबलाशी बसवावे, तातडीच्या उपचारांचे पैसे किती दिवसांत मिळणार हे कायद्यातच लिहावे आणि त्यासाठी अर्थसंकल्पात वेगळी तरतूद करावी. नियमांचा मसुदा विधेयकासोबतच सभागृहाच्या पटलावर आला पाहिजे.