पडद्यावरचा हलवा आणि आपल्या घरचा लाडू



दिवाळी जवळ आली की मोबाईलवर सिनेमातल्या पदार्थांच्या रेसिपी यायला लागतात. अमक्या सिनेमातली थाळी, तमक्या आईचा हलवा. यंदा एक 'जैन गाजर हलवा' फिरतो आहे. गाजराऐवजी कोहळं किसायचं आणि वरून केशरी रंग. दिसायला अगदी हुबेहूब. मला मात्र तो पटला नाही.

हिंदी सिनेमातली आई वर्षानुवर्षं एकच पदार्थ करते. मुलगा पास झाला, नोकरीला लागला, परदेशातून आला, की गाजराचा हलवा! आपल्याकडे गाजर येत नाही, कंदमुळात अनंत जीव मानतो आपण. मग नातवंडं विचारतात आणि आपण घाईघाईने नक्कल करून समोर ठेवतो. त्यातून त्यांना एवढंच कळतं की खरा पदार्थ शेजारच्या घरी आहे, आपल्याकडे त्याचा बदली आहे. त्यापेक्षा कोहळ्याचा हलवा कोहळ्याचा म्हणून वाढा, लवकीचा लवकीचा म्हणून. आपल्या आजीने तो कुठल्या हिरोसाठी केला नव्हता.

दुसरं, सिनेमातली दिवाळी नेहमी रात्रीची. रोषणाई, फटाके आणि मग पंगत. आपल्या वर्ध्यात त्या दिवसांत पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या घरात पाचलाच ताटं वाढावी लागतात. आपली खरी दिवाळी तर पहाटेची. भगवान महावीर पावापुरीला अमावस्येच्या पहाटे मोक्षाला गेले, म्हणून मंदिरात निर्वाण लाडू चढतो. हे दृश्य मी तरी कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही.

सगळेच सिनेमे बाद करा असं नाही म्हणत मी. 2012 चा 'इंग्लिश विंग्लिश' आठवतो? गौरी शिंदेंचा. त्यातली शशी गोडबोले, म्हणजे श्रीदेवी, घरी लाडू करून विकते. नवरा लग्नघरात सगळ्यांसमोर कौतुकाने म्हणतो की ही लाडू करायलाच जन्मली. ते कौतुक आपल्यापैकी कितीजणींना टोचलं असेल! न्यूयॉर्कला भाचीच्या लग्नात तिने केलेले लाडू सांडतात, त्याच दिवशी तिची इंग्रजीची परीक्षा असते, आणि ती परीक्षा सोडून पुन्हा लाडू वळायला बसते. यावर पुष्कळ बायका चिडतात, शेवटी स्वयंपाकघरातच ना, असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. इंग्रजीचे सर तिला सांगतात की तू आंत्रप्रेन्योर आहेस. कॉमर्स शिकलेल्या बाईला यात नवल नाही. माल, मेहनत, गिऱ्हाईक, नफा सगळं तिच्याकडे होतं, फक्त घरच्यांच्या वहीत त्याची नोंद नव्हती. आपला माल खराब झाला तर तो पुन्हा करून देणं ही धंद्याची पत आहे. ती पत तिने राखली.

पण सिनेमातला तसा बुंदीचा लाडू करून चार दिवस डब्यात ठेवणं शोधाच्या घरात चालत नाही. घोळात पाणी पडलं की तळलेल्या पदार्थाची मर्यादा आठ प्रहर, म्हणजे 24 तास. पाण्याशिवाय केलेल्या लाडवाला पिठाची मर्यादा लागते. हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. आणि लक्षात ठेवा, कार्तिकी अष्टान्हिका संपेपर्यंत हिशेब पावसाळ्याचाच, म्हणजे दिवाळीत तीनच दिवस. त्यातच आदल्या दिवशी चतुर्दशी, त्या दिवशी हिरवी भाजी न खाणाऱ्या घरात कोहळं-लवकी दोन्ही बाद. राहिला बेसनाचा लाडू.

चणाडाळ निवडून, कोरडी, घरीच जाडसर दळा. एक किलो बेसनाला साधारण साडेपाचशे ग्रॅम तूप. अर्धं तूप आधी, बाकीचं भाजता भाजता. मंद आचेवर पाऊण तास तरी लागतो. घाई केली तर बेसन वरून लाल आणि आतून कच्चं राहतं, मग टाळूला चिकटतं. दूध-पाण्याचा शिपका मारायची पद्धत आहे, दाणा छान फुलतो, पण पाणी आलं की मर्यादा गेली, म्हणून आपण नाही मारायचा. कोमट झाल्यावर पाऊण किलो बुरा साखर आणि वेलदोडा. गरम बेसनात साखर घातली तर ती पाझरते आणि लाडू बसतो.

पाहुण्यांना सोबत द्यायला वर्ध्याचा गोरसपाक आहेच. लाडू मात्र तीन दिवसांत संपतील एवढेच वळा. आमच्याकडे किलोचे पुरतात, त्यातले पाच पहिल्याच सकाळी मंदिरात जातात.